गाडीची स्क्रीन मधेच बंद पडते, पुन्हा आपोआप सुरू होते? सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी हे तपासा

बीदर/कलबुर्गी, प्रतिनिधी :

गाणे चालू असताना स्क्रीन अचानक काळी होते. मॅप अर्ध्या रस्त्यात अडकतो. ब्लूटूथ दोन दिवस नीट जोडले जाते, तिसऱ्या दिवशी फोन सापडतच नाही. रिव्हर्स गिअर टाकला की कधी कॅमेरा दिसतो, कधी नुसता निळा पडदा. आणि गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की सगळे सुरळीत! तंत्रज्ञ म्हणतो, ‘‘काही प्रॉब्लेम दिसत नाही, साहेब.’’ परत निघालो की हुमनाबाद नाक्याच्या पुढे पुन्हा तेच.

कायमचा बंद पडलेला भाग शोधायला सोपा असतो. मधूनच बंद पडणारा भाग डोके खातो. आपल्या भागात तर हा त्रास दुप्पट आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर किंवा पलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट इथल्या गाडीमालकाला आपल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर नाहीतर थेट हैदराबाद गाठावे लागते. एका फेरीत एक दिवस आणि हजार-दीड हजाराचे तेल जाते. दोन-तीन फेऱ्यांनंतर कंटाळून माणूस ‘युनिटच बदला’ म्हणतो, आणि वॉरंटी संपलेली असेल तर कंपनीच्या मूळ युनिटचे बिल हजारांच्या दोन-चार नोटांत भागत नाही.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवायची : बिघाड काय आहे यापेक्षा तो कधी होतो हे आधी शोधा. ते सापडले की निम्मे काम झाले.

आधी आठवडाभर नोंद ठेवा

फोनमध्ये किंवा डायरीत प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा : तारीख-वेळ, गाडी सुरू करून किती मिनिटे झाली होती, ऊन की सावली, रस्ता सपाट की खड्ड्यांचा, आणि त्या वेळी कोणता फोन व कोणती केबल जोडली होती. आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र दिसू लागते.

– सेल्फ मारतानाच स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होते : बॅटरीकडे पाहा.
– प्रत्येक वेळी घड्याळ आणि रेडिओची स्टेशने पुसली जातात : युनिटला कायम मिळणारा करंट तुटतोय. फ्यूज किंवा वायर.
– खड्ड्यात, स्पीड ब्रेकरवर बंद पडते : लूज कॉन्टॅक्ट, कपलर किंवा अर्थ.
– दुपारी उन्हात उभी केल्यावरच होते, सकाळी नाही : उष्णता.
– एकाच फोनबरोबर होते, दुसऱ्या फोनबरोबर नाही : गाडीचा दोष नाही, फोनचा आहे.
– केबलने होते, केबल काढली की नाही : केबल किंवा यूएसबीचे तोंड.
– फोन जोडलेला नसतानाही स्क्रीन गोठते, आपोआप रीस्टार्ट होते : युनिटचे सॉफ्टवेअर किंवा मेमरी.
– डिकी उघडल्या-मिटल्यावर कॅमेरा जातो-येतो : डिकीच्या रबरी नळीतली वायर.

यापुढचा नियम हिशेबाच्या वहीसारखा आहे. एका वेळी एकच नोंद बदला. केबल, फोन आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलले आणि त्रास थांबला, तर तो कशाने थांबला हे कधीच कळणार नाही.

पहिला संशय केबलवर

अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले या दोन्ही सोयी २०१४ मध्ये जाहीर झाल्या. त्यात गाडीची स्क्रीन बहुतांशी आरशाचे काम करते. खरे काम फोनमध्ये चालते. त्यामुळे ‘गाडीची स्क्रीन बिघडली’ अशा तक्रारींत खरा आरोपी बरेचदा फोन किंवा केबल निघते.

बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. काही केबलमधून डेटा जातो, पण आतली बारीक तार एका जागी तुटत आलेली असते. फोन चार्ज होत राहतो, म्हणून आपल्याला केबल चांगली वाटते. पण डेटा तुटला की मॅप गायब. तपासणी सोपी आहे. फोनबरोबर खोक्यात आलेली मूळ केबल किंवा चांगल्या कंपनीची डेटा केबल दोन दिवस वापरून बघा. लांबी एक मीटरच्या आत असावी. मध्ये जोड, हब, एक्स्टेन्शन काही नको.

गाडीत यूएसबीची दोन-तीन तोंडे असतात, पण त्यातले बहुधा एकच डेटाचे असते. बाकीची नुसती चार्जिंगची. डेटाच्या तोंडाजवळ फोनचे किंवा यूएसबीचे चिन्ह असते, चार्जिंगच्या तोंडाजवळ विजेचे किंवा बॅटरीचे.

मग फोनचे तोंड पाहा. खिशातला कापसाचा भुगा, बीदरची लाल माती, कलबुर्गीकडची काळी माती, सगळे त्यात जाऊन बसते. केबल पूर्ण आत जात नाही, थोडा हात लागला की सुटते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने कचरा काढा. सुई, पिन किंवा कसलाही धातू घालू नका.

वायरलेस असेल तर

वायरलेस जोडणीत फोन आधी ब्लूटूथवरून गाडीला ओळख देतो आणि नंतर सगळी माहिती वाय-फायवरून पाठवतो. म्हणजे दोन्ही चालू हवेत. डेटा वाचवण्यासाठी वाय-फाय बंद ठेवायची सवय असेल तर जोडणी होणारच नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोसाठी फोन साधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा लागतो.

मधेच तुटत असेल तर फोनमध्ये या गोष्टी पाहा :

– बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करा. अँड्रॉइड ऑटोच्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळा. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेले ॲप स्वतःहून बंद करतात.
– व्हीपीएन चालू असेल तर काही दिवस बंद ठेवून पाहा.
– फोनचे हॉटस्पॉट चालू ठेवून मागे मुलांना व्हिडिओ लावून दिला असेल तर तेही बंद करून पाहा.
– फोनचे मोठे अपडेट आल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर जोडणी पुसून नव्याने करा.

जोडणी पुसताना दोन्हीकडून पुसायची. फोनच्या ब्लूटूथ यादीतून गाडी काढा, गाडीच्या यादीतून फोन काढा, दोन्ही बंद-चालू करा आणि मगच पुन्हा जोडा. अनेक जण एकाच बाजूने पुसतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात.

घरोघरी दिसणारा आणखी एक प्रकार : नवरा-बायको दोघांचेही फोन गाडीला जोडलेले. दोघे गाडीत बसले की गाडी कधी याचा फोन धरते, कधी तिचा. फोन आला की आवाज भलत्याच फोनला. हा बिघाड नाही. गाडीच्या सेटिंगमध्ये कोणत्या फोनला पहिले प्राधान्य द्यायचे ते ठरवता येते.

रीस्टार्ट आणि रीसेट वेगळे

स्क्रीनचे युनिट म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे. गाडी बंद केली तरी काही युनिट पूर्ण बंद होत नाहीत, झोपतात. त्यामुळे आठवडेच्या आठवडे एकदाही नवी सुरुवात झालेली नसते. बऱ्याच गाड्यांत पॉवरचे बटण किंवा आवाजाचा खटका १० ते १५ सेकंद दाबून धरला की युनिट रीस्टार्ट होते. काही गाड्यांत टाचणी जाईल एवढे छोटे छिद्र असते, त्यातले बटण दाबायचे. तुमच्या मॉडेलची पद्धत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. रीस्टार्टने काही पुसले जात नाही.

फॅक्टरी रीसेट मात्र सगळे पुसते : जोडलेले फोन, स्टेशने, आवाजाची सेटिंग, साठवलेले पत्ते. ते शेवटी करायचे, आणि त्याआधी प्रत्येक सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. दोन्ही कामे गाडी उभी असतानाच.

सॉफ्टवेअर अपडेट असेल तर ते कंपनीच्या ॲपवरून, संकेतस्थळावरून किंवा सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या. ‘या मॉडेलला चालतं’ म्हणून ग्रुपवर फिरणारी फाइल टाकू नका. मॉडेल एक असले तरी वर्ष आणि व्हेरियंटप्रमाणे युनिट वेगळे असते. अपडेट चालू असताना गाडी बंद केली तर युनिट कायमचे अडकू शकते.

बॅटरी : वीस वेळा स्क्रीन, एकदा बॅटरी

गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत, असे आपण धरून चालतो. तसे नसते. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज काही क्षण बराच खाली जातो. जुनी बॅटरी इंजिन फिरवू शकते, पण त्याच क्षणी स्क्रीनला पुरेसा करंट मिळत नाही आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर असतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मोजायला सांगा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास. १२ च्या खाली म्हणजे चार्जिंग किंवा बदल. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास हवा. फारच कमी किंवा १५ च्या वर दिसला तर अल्टरनेटर तपासा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर तो साफ करून नट घट्ट करणे एवढ्यावरही कधी कधी काम भागते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढा, बसवताना निगेटिव्ह शेवटी. जुन्या काही गाड्यांच्या रेडिओला चोरीविरोधी कोड असतो. तो हाताशी नसेल तर बॅटरी सोडू नका. बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांत काचेचे ऑटो बटण पुन्हा शिकवावे लागते, घाबरू नका.

इलेक्ट्रिक गाडीतही स्क्रीन, कुलूप, दिवे यांना करंट देणारी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. मोठी बॅटरी ८० टक्के दाखवत असली तरी ही छोटी कमजोर होऊ शकते. मात्र इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत हे काम अधिकृत केंद्रातच करा. केशरी रंगाच्या वायरला हात लावायचा नाही.

फ्यूज आणि अर्थ

स्क्रीनच्या युनिटला दोन ठिकाणांहून करंट येतो. एक कायमचा, जो घड्याळ आणि आठवण जपतो. दुसरा चावी फिरवल्यावर येणारा. कायमचा गेला तर प्रत्येक वेळी घड्याळ पुसले जाते; चावीचा गेला तर स्क्रीन लागतच नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत नकाशा असतो. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा आहे तेवढ्याचाच बसवा. दहाच्या जागी वीसचा टाकला की फ्यूज जाणार नाही, वायर जळेल.

खड्ड्यात बंद पडणाऱ्या स्क्रीनचे कारण बरेचदा अर्थचा सैल स्क्रू किंवा मागचा नीट न बसलेला कपलर असते. काम छोटे, पण डॅशबोर्ड खोलावा लागतो. वॉरंटीतली गाडी बाहेर खोलू नका.

आपले ऊन, आपली धूळ, आपले उंदीर

एप्रिल-मे महिन्यात कलबुर्गीत पारा ४२-४३ अंशांवर जातो. बंद काचांची गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा त्याहून कितीतरी तापते आणि काळा डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. अशा वेळी युनिट स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करते किंवा काही वेळ बंद ठेवते. हा बिघाड असेलच असे नाही. दोन मिनिटे काचा उघड्या ठेवा, एसी लावा, दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन ठीक होत असेल तर पुढच्या काचेला आडोसा लावणे हाच उपाय. गार झाल्यावरही ठीक होत नसेल, किंवा टच एका बाजूने कायम चालत नसेल, तर मात्र दाखवा.

फोनही तापतो. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेली बाहेरच्या हवेची मर्यादा ३५ अंश आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ती सकाळी दहालाच ओलांडली जाते. वायरलेस चार्जरवर फोन, त्यावरच वायरलेस मॅप आणि वरून काचेतून ऊन, असे तिन्ही जमले की फोन चार्जिंग थांबवतो, वेग कमी करतो आणि जोडणी तोडतो. फोन एसीच्या झरोक्यासमोर ठेवा आणि लांबच्या प्रवासात केबल वापरा.

पावसाळ्यात पुढच्या काचेच्या कडेने किंवा सनरूफची पाणी जाण्याची नळी तुंबल्याने पाणी डॅशबोर्डमागे उतरते. पायाखालची मॅट ओली लागली आणि त्याच आठवड्यात स्क्रीनने त्रास द्यायला सुरुवात केली, तर दोन्हींचा संबंध आहे असे धरून चला. आणि शेताजवळ, धान्याच्या कोठाराजवळ गाडी लागत असेल तर उंदीर विसरू नका. कुरतडलेली वायर एकदम तुटत नाही, आधी महिनाभर मधूनमधून त्रास देते.

बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ आणि कॅमेरा

बेस मॉडेल घेऊन नंतर बाजारातून मोठी स्क्रीन बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यात काही वाईट नाही, पण बहुतेक भानगडी बसवण्यात होतात. बाहेरच्या स्टिरिओत साधारणपणे पिवळी वायर कायमच्या करंटची, लाल चावीची आणि काळी अर्थची. पिवळी आणि लाल उलट लागली की प्रत्येक वेळी सेटिंग पुसली जाते. दोन्ही कायमच्या करंटला लावल्या तर स्टिरिओ झोपतच नाही आणि चार दिवस उभी गाडी सेल्फ घेत नाही.

वायर कापून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो. बसवताना आपल्या मॉडेलचा तयार कपलर मागा. मूळ वायर कापली तर कंपनी विजेच्या तक्रारीत वॉरंटी नाकारू शकते. स्टिरिओची रॅम १ किंवा २ जीबी असेल आणि त्यात दहा ॲप भरले असतील तर तो अडकणारच. नको ते ॲप काढा.

रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्टिरिओला मिळणारा इशारा सहसा मागच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरवरून घेतलेला असतो. कॅमेरा येत नसेल तेव्हा रिव्हर्सचा दिवा लागतो का ते आधी बघा. दिवाच लागत नसेल तर स्टिरिओला दोष देऊन उपयोग नाही. दिवा लागतो पण चित्र थरथरते, आणि डिकी हलवली की बदलते, तर रबरी नळीतली वायर मोडत आली आहे.

रेडिओवर खरखर किंवा मॅपमध्ये गाडीची जागा इकडेतिकडे उडणे सुरू झाले असेल तर डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर एक दिवस काढून ठेवा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून अशी बाधा येते.

हे बिघाड नाहीत

– पेनड्राइव्ह वाचत नाही : अनेक युनिट फक्त फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात. हजारो गाणी एकाच फोल्डरमध्ये असली तरी युनिट अडखळते; फोल्डर करा.
– नावांच्या जागी चौकोन : फोनमध्ये नावे मराठी किंवा कन्नड लिपीत साठवली असतील आणि युनिटमध्ये त्या लिपीचा फॉन्ट नसेल तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. गाण्यांच्या नावांचेही तसेच. सॉफ्टवेअर अपडेटने कधी सुटते, नाहीतर महत्त्वाची नावे इंग्रजी लिपीत ठेवावी लागतात.
– रेडिओ विरतो : एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात पोहोचतात. स्टेशनपासून लांब गेलो की आवाज जाणारच.
– मॅप कोरा होतो : जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते. गावाबाहेर नेटवर्क गेले की निळा ठिपका राहतो आणि रस्ते गायब होतात. निघण्यापूर्वी बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूरचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

दोष कंपनीचाही असतो

सगळे केल्यावरही त्रास चालूच असेल तर ‘आपल्यालाच वापरता येत नाही’ असे समजू नका. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. भारतात २०२३ मध्ये किया कंपनीने कॅरेन्सच्या ३०,२९७ गाड्या परत बोलावल्या, कारण सुरू होताना चालकासमोरचा डिजिटल मीटर कोरा राहण्याची शक्यता होती. उपाय होता मोफत सॉफ्टवेअर अपडेट. अमेरिकेत टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या बोलावल्या. त्यांच्या स्क्रीनमागची ८ जीबीची मेमरी वर्षानुवर्षे लिहून-पुसून झिजत होती आणि मागचा कॅमेराही जात होता.

सर्वात अजब प्रकार अमेरिकेतल्या सिएटल भागातला. जानेवारी २०२२ च्या अखेरीस २०१४ ते २०१७ च्या मॉडेलच्या काही माझदा गाड्यांची स्क्रीन एका स्थानिक रेडिओ केंद्रावर अडकली आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. केंद्राने डिजिटल रेडिओवरून पाठवलेल्या चित्रांच्या फाइलच्या नावाला शेवटचे विस्ताराचे अक्षर नव्हते. युनिटला ती पचली नाही. मालक एकमेकांशी बोलले, सगळ्यांचा एकच प्रकार निघाला, तेव्हा कारण सापडले. म्हणून आपल्याच मॉडेलच्या दोन-चार मालकांना विचारा. तुमच्या गाडीसाठी रिकॉल किंवा सर्व्हिस मोहीम आहे का, हे अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून कळते.

सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना

‘स्क्रीन बिघडली आहे’ एवढेच जॉब कार्डवर लिहिले तर उत्तर ‘दोष आढळला नाही’ असेच येणार. असे लिहून घ्या : ‘गाडी वीस मिनिटे चालल्यावर, दुपारी, खड्ड्यातून गेल्यावर स्क्रीन पाच सेकंद काळी होते. आठवड्यात तीन-चार वेळा. फोन न जोडताही होते.’ यात तंत्रज्ञाला शोधायला जागा मिळते.

– बिघाडाचा व्हिडिओ द्या. तो शेजारी बसलेल्याने काढावा, चालकाने नाही. त्यात स्क्रीनबरोबर किलोमीटरचा आकडाही दिसू द्या.
– आपला फोन आणि केबल बरोबर न्या.
– युनिटचा सॉफ्टवेअर क्रमांक आधी आणि नंतर टिपून घ्या. ‘अपडेट केलं’ म्हणाले तर क्रमांक बदललेला दिसला पाहिजे.
– तंत्रज्ञाबरोबर त्याच परिस्थितीत गाडी फिरवा.
– दोष सापडला नाही तरी जॉब कार्डची प्रत घ्या. वॉरंटी संपण्यापूर्वी केलेली तक्रार कागदावर असणे पुढे फार कामाला येते.

सीमेपलीकडे घेतलेली गाडी

गाडी सोलापुरात घेतली, राहणे आळंदला. किंवा गाडी हैदराबादची, मालक औरादचा. मग तक्रार कुठे? कंपनीची मूळ वॉरंटी साधारणपणे देशभरातल्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चालते. एमएच, केए, टीएस अशा नंबर प्लेटचा त्याच्याशी संबंध नाही. डीलरने स्वतः बसवून दिलेल्या स्क्रीनची वॉरंटी मात्र वेगळी असते. त्याचे वेगळे बिल आणि कार्ड मागून घ्या.

वारंवार दाखवूनही काम झाले नाही तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला जॉब कार्ड क्रमांकांसह ईमेल करा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे प्रादेशिक भाषांतही बोलता येते. तरीही नाही जमले तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे सोलापूरच्या डीलरविरुद्ध कलबुर्गीत, हैदराबादच्या डीलरविरुद्ध बीदरमध्ये. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ ते १० लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. खासगी माणसाकडून थेट घेतलेल्या जुन्या गाडीला मात्र हा मार्ग सहसा लागू होत नाही.

म्हणून जुनी गाडी बघतानाच स्क्रीन अर्धा तास चालवून पाहा. आपला फोन जोडा, रिव्हर्स टाकून कॅमेरा बघा, खड्ड्यातून न्या. ताब्यात घेतल्यावर फॅक्टरी रीसेट करा, आधीच्या मालकाचे फोन आणि पत्ते पुसा, आणि कनेक्टेड ॲपवर गाडी आपल्या नावे करून घ्या. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याच्या फोनवर दिसत राहू शकते.

इथे थांबू नका

स्क्रीनबरोबर स्पीड मीटर, हेडलाइट, वायपर, इंजिनचे किंवा स्टिअरिंगचे धोक्याचे दिवेही मधूनच येत-जात असतील, तर हा गाण्याच्या स्क्रीनचा प्रश्न नाही. बॅटरी, अल्टरनेटर किंवा मुख्य अर्थ जात आहे. जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. आणि मागचा कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही अशा अवस्थेत त्याच्या भरवशावर गाडी मागे घेऊ नका. अंगणात मुले खेळत असतात. उतरून मागे पाहून मगच गिअर टाका.

चालत्या गाडीत स्क्रीनशी झटापट करू नका. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालकाला फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतो. स्क्रीन गेली तर जाऊ द्या. पुढच्या ढाब्यावर थांबून बघा.

थोडक्यात क्रम

१. आठवडाभर नोंद. खर्च शून्य.
२. दुसरा फोन लावून पाहणे. खर्च शून्य.
३. रीस्टार्ट, जोडणी दोन्हीकडून पुसून नवी. खर्च शून्य.
४. चांगली डेटा केबल. काही शे रुपये.
५. डॅशकॅम, चार्जर काढून पाहणे. खर्च शून्य.
६. बॅटरी मोजणे, टर्मिनल साफ करणे, फ्यूज पाहणे. किरकोळ.
७. सॉफ्टवेअर अपडेट, शेवटी फॅक्टरी रीसेट.
८. नोंदी, व्हिडिओ आणि स्पष्ट जॉब कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटर.
९. युनिट बदलणे. सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात शेवटी.

युनिट बदला असे कुणी पहिल्याच भेटीत सांगितले तर एकच विचारा : ‘‘आधीच्या आठ पायऱ्यांपैकी कोणती तपासली?’’